न संपणाऱ्या भावनेचं कथानक

कादंबऱ्यांची हस्तलिखितं वाचणं, त्यांवर शेरे लिहिणं, लेखकाबरोबर बसून प्रकरणं मागेपुढे करणं हे ज्यांचं रोजचं काम असतं, त्यांच्यासमोर एक विशिष्ट प्रकारचा मजकूर सारखा येत राहतो. काळाची सरमिसळ केलेली असते. निवेदक मधेच वाचकाला हाक मारतो. एखादं प्रकरण यादीच्या रूपात असतं, एखाद्याला तीन शेवट असतात, आणि सोबतच्या पत्रात ‘उत्तर-आधुनिक’ हा शब्द असतोच. यातलं पुष्कळसं लेखन वाचून हाताला काही लागत नाही. थोडं मात्र असं असतं की तितकंच तुटक असूनही ते खाली ठेववत नाही. युक्त्या दोन्हीकडे त्याच असतात, मग फरक कुठे पडतो? संपादकाला हा प्रश्न सौंदर्यशास्त्राचा म्हणून पडत नाही. ‘हे सरळ क्रमाने का लिहिलं नाही?’ असं लेखकाला विचारायचं की नाही, एवढंच त्याला ठरवायचं असतं. या कामातून माझं मत बनत गेलं ते असं, की रचना मोडण्याचं सबळ कारण भावनेत सापडतं, आणि तिथे सापडलं नाही तर सहसा कुठेच सापडत नाही. जुन्या घडणीचं कथानक ज्या भावनांवर चालतं त्या वाढतात, टोक गाठतात आणि ओसरतात. उत्तर-आधुनिक म्हणवल्या गेलेल्या कादंबऱ्यांपैकी ज्या टिकल्या, त्या बहुतेक न ओसरणाऱ्या भावनांभोवती उभ्या आहेत: शोक, संशय, लाज, आपण तेवढे जिवंत राहिलो याचा अपराधीपणा. अशा भावनेला आरंभ असतो, शेवट नसतो. ती सरळ कथानकात कोंबली की शेवटच्या प्रकरणात लेखकाला खोटं बोलावं लागतं.

कथानक मोठं की भावना, यावर फार जुने मतभेद आहेत. ॲरिस्टॉटलने ‘पोएटिक्स’मध्ये कथानकाला शोकात्मिकेचा आत्मा म्हटलं. आदि, मध्य, अंत असलेली घटनांची जुळणी आधी, करुणा आणि भीती तिच्यातून निपजणारी. १८६३ साली गुस्टाफ फ्रायटागने नाट्यतंत्रावरच्या पुस्तकात याचा त्रिकोणच करून टाकला: चढण, शिखर, उतार. लेखनाच्या कार्यशाळांत फळ्यावर अजूनही तोच काढला जातो. जॉन बार्थने १९६८ साली पुस्तकरूपात आलेल्या ‘लॉस्ट इन द फनहाउस’ या कथेत हा त्रिकोण चक्क आकृती म्हणून छापला, आणि कथेतला वयात येणारा ॲम्ब्रोज मात्र कुठल्याच शिखरावर पोहोचत नाही. निवेदन अडखळतं, स्वतःच्याच वाक्यांवर टीका करतं, मागे फिरतं. ही कथा तंत्राची थट्टा म्हणून शिकवली जाते आणि ती थट्टा आहेही. पण सतत स्वतःकडे बाहेरून पाहण्याची सवय लागल्यामुळे कशातच रमता न येणाऱ्या मुलाचा संकोच तिच्यात भरून आहे. तो संकोच निवेदनालाच जडला आहे, म्हणून निवेदन चालत नाही.

आपल्याकडची परंपरा उलट बाजूने येते. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्द्योतात कवीला सांगितलं, की परंपरेने आलेल्या कथेतला जो भाग रसाला जुळत नाही तो टाकावा आणि जुळणारा नवा कल्पावा, संधी आणि संध्यंगं योजायची ती रसासाठी, केवळ शास्त्रात सांगितली आहेत म्हणून नव्हे. दाखल्यादाखल त्याने भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहारा’वर बोट ठेवलं: दुसऱ्या अंकातलं ‘विलास’ हे अंग तिथल्या रसाला साथ देत नाही, भरताचं मत पाळायचं म्हणून ते आलं आहे. हजार-अकराशे वर्षांपूर्वीचा हा शेरा आजच्या कुठल्याही हस्तलिखिताच्या समासात शोभेल. मराठीत मर्ढेकरांनी ‘भावनानिष्ठ समतानता’ मांडली, तेव्हा साहित्यातले घटक एकमेकांना बांधले जातात ते भावनेच्या नात्याने, असाच त्यांचा रोख होता. त्यामुळे घटनांचा क्रम भावनेने ठरवला तर आपल्या वाचकाला धक्का बसायचं खरं तर कारण नाही. फक्त एक अडचण आहे. रसविचाराला अखेर विश्रांती अपेक्षित आहे. स्थायी भाव परिपोष पावायला हवा. इथे ज्या कादंबऱ्यांबद्दल बोलायचं आहे त्या वाचकाला ती विश्रांती देत नाहीत. आनंदवर्धनाचं सूत्र त्या पाळतात आणि त्याची अपेक्षा मोडतात.

कर्ट व्हॉनेगटची ‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’ (१९६९) जवळून पाहण्यासारखी आहे. १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री ड्रेस्डेनवर बॉम्बफेक सुरू झाली तेव्हा व्हॉनेगट अमेरिकन युद्धकैदी म्हणून तिथल्या कत्तलखान्याच्या तळघरात होता. सांगण्यासारखी घटना त्याच्याकडे आयती होती, तरी पुस्तक यायला वीसहून अधिक वर्षं गेली. पहिल्या प्रकरणात तो स्वतःच सांगतो की भिंतीला चिकटवायच्या कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर त्याने मुलीच्या रंगीत खडूंनी कथानकाचा आराखडा काढला होता: प्रत्येक मुख्य पात्राची वेगळ्या रंगाची रेघ, ड्रेस्डेनच्या जागी नारिंगी रेघांची उभी जाळी, आणि जाळीपलीकडे निघणाऱ्या रेघा जिवंत राहिलेल्यांच्या. आराखडा देखणा होता. पुस्तक त्याप्रमाणे लिहिलं गेलं नाही. शिखर कोणतं असणार हेही तो तिथेच सांगून टाकतो: अख्खं शहर जळून गेल्यावर एडगर डर्बी नावाच्या सैनिकाला ढिगाऱ्यातली चहाची किटली उचलली म्हणून रीतसर खटला चालवून गोळ्या घालतात. पुढे दर थोड्या पानांनी डर्बीचं नाव येतं ते त्याच्या मरणाच्या उल्लेखासकट, आणि तो प्रसंग प्रत्यक्ष येतो तेव्हा दोन-चार वाक्यांत आटपतो. उत्कंठा नावाची गोष्ट लेखकाने जाणूनबुजून फेकून दिली आहे. मेलेल्या माणसांबद्दल ‘आता पुढे काय होणार’ असं वाचकाला वाटायला लावणं, हे त्याला बहुधा अशोभनीय वाटलं असावं.

पण खरी जागा आठव्या प्रकरणात आहे. कादंबरीभर तिचा नायक बिली पिलग्रिम काळाच्या पकडीतून निसटून कधी म्हातारपणी, कधी लहानपणी, कधी परग्रहावर जाऊन पडत असतो. एवढी मोकळीक असूनही तो ड्रेस्डेनच्या त्या रात्रीत जात नाही. मग त्याच्या लग्नाच्या अठराव्या वाढदिवसाची मेजवानी येते. बिलीच्याच, म्हणजे चष्म्याच्या व्यवसायातल्या चौघांचा हौशी गायकवृंद गाऊ लागतो आणि बिलीचा चेहरा असा पिळवटतो की पाहुणे घाबरतात. का, ते त्याला स्वतःलाही कळत नाही. वर जाऊन तो अंथरुणावर पडतो, आणि मग उमगतं. बॉम्बफेकीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तळघरातून बाहेर आल्यावर चार जर्मन पहारेकरी एकमेकांना खेटून उभे होते. तोंडं उघडत होती, शब्द फुटत नव्हता. मूकपटातला एखादा गायकवृंद असावा तसे ते दिसत होते. इथे व्हॉनेगट स्पष्ट नोंदवतो की या खेपेला बिलीने काळातून प्रवास केला नाही, त्याला आठवलं. विज्ञानकथेचं जे यंत्र इतका वेळ कादंबरी चालवत होतं ते नेमकं या ठिकाणी बंद पडतं, आणि ड्रेस्डेनचं दार उघडतं ते चार उघड्या तोंडांच्या साम्यामुळे. मग लक्षात येतं की आधीच्या सगळ्या उड्या तिथे न पोहोचण्यासाठी होत्या. युद्धात बिलीला रडू येतं तेही एकदाच, ओढून आणलेल्या घोड्यांच्या तोंडातून रक्त येतंय आणि खूर फुटलेत हे कोणी दाखवून दिल्यावर. माणसांसाठी तो रडत नाही. हे पुस्तक पंचांगाच्या क्रमाने लावून पाहावं: १९२२ मध्ये जन्म, १९४४ मध्ये शत्रूच्या हाती सापडणं, १९४५ मध्ये ड्रेस्डेन, मग लग्न, धंदा, विमान अपघात आणि १९७६ मध्ये, फेब्रुवारीच्याच १३ तारखेला, मृत्यू. या मांडणीत ड्रेस्डेन निम्म्याच्याही आत उरकतं आणि पुढचं सगळं ‘नंतरचं आयुष्य’ होतं. बिलीसाठी ‘नंतर’ असं काही नाही, हेच तर पुस्तकाचं म्हणणं आहे, आणि ते एकाही वाक्यात नसून फक्त क्रमात आहे.

गंमत म्हणजे कथानकाच्या आलेखाची लोकप्रिय कल्पना व्हॉनेगटचीच. उभ्या अक्षावर सुदैव-दुर्दैव, आडव्या अक्षावर काळ, आणि मधे वरखाली जाणारी रेघ, असं तो व्याख्यानांत फळ्यावर काढून दाखवत असे. २०१६ मध्ये व्हरमाँट विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याच कल्पनेचा धागा धरून प्रोजेक्ट गुटेनबर्गवरच्या १३०० हून अधिक कथात्म पुस्तकांतले सुखदुःखाचे शब्द संगणकाने मोजले आणि बहुतेक आलेख सहा मूळ आकारांत बसवून दाखवले. काम चोख आहे. फक्त ते पानांच्या क्रमाने शब्दांचा रंग मोजतं. डर्बीचा मृत्यू वाचकाला पहिल्या प्रकरणापासून ठाऊक आहे, या गोष्टीला त्या रेघेत जागा नाही.

शोकाने रचना कुठवर ताणता येते याची हद्द बी. एस. जॉन्सनच्या ‘द अनफॉर्च्युनेट्स’मध्ये दिसते. हेही १९६९ चंच. पुस्तक बांधलेलं नाही. पेटीत २७ सुटे भाग आहेत. ‘पहिला’ आणि ‘शेवटचा’ अशी खूण फक्त दोघांवर आहे. मधले २५ वाचकाने पिसायचे आणि हाती येतील तसे वाचायचे. विषय अगदी साधा आहे. फुटबॉलच्या सामन्याचा वृत्तान्त लिहायला आलेला वार्ताहर एका शहराच्या स्टेशनवर उतरतो आणि त्याच्या लक्षात येतं की कर्करोगाने गेलेला आपला मित्र टोनी इथेच राहत होता. सामन्याच्या दिवसातलं जेवणखाण, गुत्ता, मैदान हे काही भागांत येतं. टोनीच्या आठवणी बाकीच्यांत. काही भाग बारा पानांचे, काही एखाद्या परिच्छेदाएवढे. जॉन्सन स्वतः वर्तमानपत्रासाठी फुटबॉलचे वृत्तान्त लिहीत असे आणि टोनी टिलिंगहास्ट हा त्याचा खरोखरचा मित्र होता. सामन्याचा जो वृत्तान्त निवेदक त्या दिवशी लिहितो तो पेटीच्या आतल्या बाजूला छापलेला आहे: ठरलेल्या शब्दसंख्येत नीट बसणारा, आरंभ आणि शेवट असलेला. पेटीतल्या सुट्या पानांना ते सुख नाही. धंद्याचं गद्य बंद होतं, शोकाचं होत नाही, हा विरोध लेखकाने पुठ्ठ्यावर आणून ठेवला आहे.

यावर आक्षेप सरळ आहे: २५ भागांचे १ वर २५ शून्यं यांहूनही जास्त क्रम होतात, वाचक त्यातला एकच वाचणार, मग बाकीच्यांचा उपयोग काय? उपयोग एवढाच की हाती आलेला क्रम आवश्यक नव्हता हे वाचकाला सतत माहीत असतं. टोनी एका भागात अंत्यविधीनंतर पुन्हा धडधाकट होऊन वाद घालायला बसतो, आणि तसं होण्यामागे लेखकाची काही योजना आहे असा दिलासा वाचकाला घेता येत नाही. आजाराने टोनीलाच का निवडलं, याला जितकं उत्तर आहे तितकंच या क्रमाला आहे. तरीही इथे एक उणीव मला नेहमी जाणवते. पिसण्यातला क्रम निव्वळ योगायोगाचा असतो, आठवणींचा तसा नसतो. एक वास, एक वळण, एक चेहरा असं काहीतरी पुढच्या आठवणीला खेचून आणतं. बिलीला गायकवृंदामुळे ड्रेस्डेन आठवतं ती साखळी पेटीतल्या पानांना जमणं शक्य नाही. जॉन्सनची रचना मृत्यूच्या निरर्थकतेला न्याय देते, स्मरणाला कमी देते. आणि शेवटचा भाग त्यालाही सुटा ठेवता आला नाही, हे पाहण्यासारखं आहे.

संशयाचं कथानक वेगळं चालतं. थॉमस पिंचनच्या ‘द क्राइंग ऑफ लॉट ४९’ (१९६६) मध्ये ईडिपा मासकडे एका जुन्या प्रियकराच्या मृत्युपत्राची अंमलबजावणी येते आणि तिला जिकडेतिकडे एका गुप्त टपालव्यवस्थेच्या खुणा दिसू लागतात: बोळा घातलेल्या टपाली शिंगाचं चित्र कधी भिंतीवर, कधी तिकिटावर. रहस्यकथेत धागे जसजसे सापडतात तसतशा शक्यता कमी होत जातात. इथे त्या वाढतात. शेवटाकडे ईडिपापुढे चार पर्याय उरतात: अशी व्यवस्था खरोखर आहे, किंवा तिला भास होताहेत, किंवा कोणी तिच्याविरुद्ध बनाव रचला आहे, किंवा बनावाचाच तिला भास होतो आहे. वादग्रस्त तिकिटांचा लिलाव सुरू होणार तिथे कादंबरी थांबते. अनेक वाचकांना ही फसवणूक वाटते. पण संशय खरा ठरला तर तो ज्ञान होतो आणि खोटा ठरला तर चूक; दोन्ही बाजूंनी तो संपतो. ज्या पुस्तकाला संशय हीच अवस्था दाखवायची आहे त्याला निकालाच्या अलीकडे थांबण्यावाचून गत्यंतर नाही. आणि पिंचन थंड आहे असं म्हणणाऱ्यांनी एक प्रसंग पुन्हा वाचावा: सॅन फ्रान्सिस्कोतल्या भटकंतीच्या रात्रीनंतर हातावर त्याच शिंगाचं गोंदण असलेला एक थकलेला खलाशी सोडून आलेल्या बायकोला लिहिलेलं पत्र टाकायला ईडिपाला देतो, आणि ती त्याला जवळ घेते. गुप्त टपाल असो वा नसो, एक पत्र पोहोचवायचं आहे. या प्रसंगाने कथानक इंचभरही पुढे सरकत नाही, पण तो काढला तर ईडिपाचं उरलेलं सगळं धावणं नुसतं कोडं होऊन बसेल.

टोनी मॉरिसनच्या ‘बिलव्हेड’ला (१९८७) उत्तर-आधुनिक म्हणावं की नाही यावर वाद आहे, पण लाज रचनेचं काय करते हे तिच्यातल्याइतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल. १८५६ साली मार्गारेट गार्नर या पळालेल्या गुलाम स्त्रीने पकडलं जाण्याच्या क्षणी आपल्या मुलीला मारलं, त्या घटनेवर ही कादंबरी बेतली आहे. ती घटना पहिल्या भागाच्या अखेरीपर्यंत येत नाही. येते तेव्हा आईच्या नजरेतून येत नाही. पकडायला आलेल्या गोऱ्यांच्या हिशेबी नजरेतून येते. त्यानंतर ही आई, सेथी, तिच्या सोबतच्या पॉल डीला ती घटना सांगू पाहते, तेव्हा स्वयंपाकघरात ती गोल फिरत राहते आणि आपण मुद्द्याभोवतीच फिरतो आहोत हे तिलाही कळतं. इतकी पानं कादंबरी त्याच पावलांनी चालत आली होती.

आता मोठा आक्षेप. फ्रेडरिक जेमसनने १९८४ मधल्या आपल्या गाजलेल्या निबंधात म्हटलं की उत्तर-आधुनिक संस्कृतीत भावनेचा ऱ्हास झाला आहे. व्हॅन गॉगच्या शेतकऱ्याच्या बुटांमागे एक जग आहे, अँडी वॉरहॉलच्या चकचकीत बुटांमागे काही नाही. मुंकच्या ‘किंचाळी’तला एकाकी जीव आता उरलेला नाही. म्हणजे ज्या साहित्यात भावनाच आटली त्याचं कथानक भावनेने घडतं असं म्हणणं उफराटं ठरेल. जेमसनचं निरीक्षण पात्रांपुरतं मला पटतं. बिली, ईडिपा, बार्थचा ॲम्ब्रोज यांच्या तोंडी भावना फार येत नाहीत. जुन्या कादंबरीतल्या नायकासारखी ही माणसं मन मोकळं करत नाहीत. पण जेमसनने स्वतःच पुढे म्हटलं आहे की भावना पूर्ण नाहीशा झालेल्या नाहीत, त्या व्यक्तीपासून सुटून तरंगू लागल्या आहेत. सुटून गेल्या कुठे, हे कादंबरीपुरतं तरी सांगता येतं. त्या पात्राच्या बोलण्यातून निघाल्या आणि प्रकरणांच्या क्रमात जाऊन बसल्या. पुष्कळ वाचकांना ही पुस्तकं कोरडी वाटतात, कारण ते भावना संवादांत शोधत असतात.

दुसरा आक्षेप खेळाचा. हे लेखक नियम आखून खेळतात. नियमाला भावना कशी असेल? ज्यॉर्ज पेरेकने १९६९ साली ‘ला दिस्पारिस्यों’ ही कादंबरी फ्रेंचमधलं सर्वांत जास्त वापरलं जाणारं ‘ई’ हे अक्षर एकदाही न वापरता लिहिली. याहून निखळ खेळ कोणता? पण त्या अक्षरावाचून फ्रेंचमध्ये आई, वडील, कुटुंब हे शब्दच लिहिता येत नाहीत, आणि पेरेकचं स्वतःचं नावही नाही. त्याचे वडील १९४० मध्ये युद्धात गेले, आईला १९४३ मध्ये आउशवित्झला नेलं गेलं. १९७५ मधल्या त्याच्या ‘डब्ल्यू’ या पुस्तकात बालपणाच्या तुटक आठवणी आणि एका क्रीडावेड्या बेटाची काल्पनिक कथा आळीपाळीने येतात. बेट हळूहळू छळछावणी होत जातं, आणि पुस्तकाच्या मधोमध, दोन भागांच्या सांध्यावर, कंसातल्या तीन टिंबांखेरीज काही नसलेलं एक पान आहे. दोन्ही कथा त्या पानाला वळसा घालतात. नियम इथे खेळ आहे हे खरंच, पण हुंदक्यावर ताबा ठेवण्याची ती एकच पद्धत लेखकापाशी असेल तर त्याला नुसता खेळ म्हणणं घाईचं होईल.

हे सगळं तर लॉरेन्स स्टर्नच्या ‘ट्रिस्ट्रम शँडी’तही आहे, ती १७५९ पासून येऊ लागली, मग यात नवं काय, असंही विचारता येईल. फारसं नाही. स्टर्न मृत्यूला हुलकावणी देण्यासाठी विषयांतर करतो, हे जुनंच वाचन आहे. नवं असलंच तर इतकंच, की विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही अपवादाची रीत नेहमीची झाली, कारण ओसरत नाही अशा भावनांचा साठाही तेव्हा नेहमीचा झाला होता.

त्याहून गंभीर हरकत अशी की, कुठल्याही विस्कळीत रचनेला एखादी भावना चिकटवून तिचं समर्थन करता येईल. मग हा निकष कशाला नाकारतच नाही. नाकारतो. हस्तलिखित हाती आलं की प्रकरणं घटनाक्रमाने लावून वाचणं हा संपादनातला साधा उपाय आहे. काय हरवलं ते पाहायचं. ‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’मध्ये सगळंच हरवतं. पुष्कळ प्रयोगशील हस्तलिखितांत काहीच हरवत नाही. उलट नातेसंबंध कळू लागतात आणि लेखकाला जे दुःख सांगायचं होतं ते पहिल्यांदा दिसतं. तिथे तुकडे करणं हे दुःखाला तोंड देण्याचं टाळणं असतं, आणि ते टाळणंही रचनेत कुठे उमटलेलं नसतं. नावाजलेल्या लेखकांनाही यातून सुटका नाही. बार्थच्या ‘लेटर्स’ (१९७९) मध्ये सात जणांची ८८ पत्रं कॅलेंडरच्या चौकटींवर अशी बसवली आहेत की तारखांतून शीर्षकाची अक्षरं उमटतात. आराखडा थक्क करणारा आहे. पण लेडी ॲमहर्स्टच्या पत्रांतली उतारवयातली ओढ आणि अपमान सोडले तर बाकीची पत्रं मी कर्तव्य म्हणून वाचली, आणि तिची पत्रं वाचायला त्या आराखड्याची गरज पडत नाही.

मराठीत या प्रश्नाचा विचार करायचा तर भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’कडे (१९६३) जावं लागतं. तिला उत्तर-आधुनिक म्हणणं ओढूनताणून होईल, पण मोडलेल्या रचनेचा आपल्याकडचा सर्वांत वाचला गेलेला नमुना तीच. रोजनिशीचा घाट, इतिहासलेखनाची नक्कल, अखंड टवाळी या सगळ्याचं पुढे भरपूर अनुकरण झालं. अनुकरणांतून सुटली ती मनी. धाकट्या बहिणीचा देवीच्या साथीतला मृत्यू आल्यावर निवेदक पांडुरंग सांगवीकरच्या आधीच्या आणि नंतरच्या टवाळीचा अर्थच पालटतो. कशालाच महत्त्व न देण्याच्या त्या सुरामागे काय आहे ते दिसतं. सूर उचलता येतो. त्याला धरून ठेवणारी गोष्ट पुस्तकात नसेल तर तीनशे पानं नुसता सूर ऐकणं वाचकाच्या जिवावर येतं, आणि अशी हस्तलिखितं परत करताना कारण लिहिणं अवघड जातं, कारण वाक्यावाक्याला लेखन चांगलं असतं.

या सगळ्या मांडणीला खरा अडसर इतालो कॅल्व्हिनोचा आहे. ‘इफ ऑन अ विंटर्स नाइट अ ट्रॅव्हलर’ (१९७९) मध्ये दहा कादंबऱ्यांचे आरंभ आहेत, प्रत्येक ऐन रंगात आलेला असताना तुटणारा, आणि त्यांच्यामधून पुढचं पान शोधत हिंडणारा एक वाचक. त्यात शोक नाही, लाज नाही, आघात नाही. मोडतोड मात्र या यादीतल्या कुणाहूनही कमी नाही. मग न ओसरणाऱ्या भावनेचं काय? इथे भावना आहे हव्यासाची: गोष्ट पुढे ऐकण्याचा हव्यास आणि लुडमिला या वाचक स्त्रीची ओढ, दोन्ही एकमेकांत गुंतलेले. हव्यास तृप्त होऊ शकतो. आणि नेमकं तेच होतं: दहा आरंभ अर्धवट राहिले तरी चौकटीतली गोष्ट वाचक आणि लुडमिला यांच्या लग्नाने संपते, एखाद्या जुन्या सुखान्तिकेसारखी, आणि शेवटाकडे एक पात्र तर बजावून सांगतं की जुन्या गोष्टींना दोनच शेवट असत, लग्न किंवा मृत्यू. ज्या कादंबरीने रचनेचे सर्वांत जास्त तुकडे केले तिचाच शेवट या सगळ्यांत जास्त पारंपरिक आहे, कारण तिच्यातली भावना संपणारी होती. त्या दहा आरंभांचं पुढे काय झालं, असं शेवटच्या पानावर कुणी विचारत नाही. डर्बीच्या बाबतीत, शेवट पहिल्या पानांपासून ठाऊक असूनही, वाचक विचारत राहतो.